‘गेमिंग प्लॅन’च्या नावाखाली झालेली फसवणूक : पैसे भरण्यापूर्वी हे जरूर वाचावे

गोव्यातील गावोगावी फायबर पोहोचले, मुले घरात बसून ऑनलाइन खेळ खेळू लागली आणि त्याबरोबरच ‘गेमिंग प्लॅन’ नावाची एक महाग जोडणी दारोदार विकली जाऊ लागली. आमच्या कुटुंबाकडून या नावाखाली सुमारे २७,००० रुपये घेण्यात आले. ज्या तक्रारीवर उपाय म्हणून ते घेतले, ती तक्रार तशीच राहिली आणि काही बाबतींत वाढलीच. डिचोली तालुक्यात आमच्या आसपासच्या वाड्यांवर हीच विक्री अजून चालू असल्यामुळे सर्व तपशील सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे ५० एमबीपीएसची (म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट वेगाची) साधी जोडणी होती. मुलगा संध्याकाळी व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ खेळायचा आणि खेळ मध्येच अडकतो, गोळी उशिरा लागते, समोरचा खेळाडू एका जागेवरून अचानक दुसऱ्या जागी दिसतो, अशी त्याची तक्रार असायची. सेवा देणाऱ्या स्थानिक केबलचालकाकडे ही तक्रार नोंदवल्यावर त्यांचा प्रतिनिधी घरी आला. त्याने काही तपासले नाही. “काका, गेमिंगला ५० एमबीपीएस पुरतच नाही, किमान ३०० तरी लागतात,” असे त्याने ठामपणे सांगितले आणि त्यासोबत ‘लॅग’ (खेळ अडकणे) घालवणारा खास राउटर घ्यावाच लागेल, असेही बजावले. नव्या जोडणीचे वर्षभराचे पैसे आगाऊ, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि राउटरची वेगळी किंमत असा तो व्यवहार होता. जोडणी झाल्यावर त्याने स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावून ३०० च्या जवळपासचा आकडा आम्हाला दाखवला आणि पैसे घेऊन तो निघून गेला.

त्याने सांगितलेले पहिले वाक्यच खोटे होते. ऑनलाइन खेळ चालू असताना चित्र आणि आवाज इंटरनेटवरून येत नाहीत, कारण ते आपल्याच संगणकात तयार होतात. जाते-येते ती फक्त खेळाडू कुठे आहे, कुठे वळला, गोळी केव्हा झाडली एवढी माहिती, आणि ती अगदी लहान लहान पॅकेटांत असते. व्हॅलोरंटचा सर्व्हर, म्हणजे खेळ सांभाळणारा दूरचा संगणक, सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, तरीही बहुतेक खेळांना तासाला साधारण ४० ते ३०० एमबी एवढाच डेटा लागतो. तासाला १०० एमबी धरले तर तो पाव एमबीपीएसही भरत नाही आणि ३०० एमबी धरले तरी पाऊण एमबीपीएसच्या आत राहतो. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने घरगुती वापरासाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तक्त्यात अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळण्यासाठी ४ एमबीपीएस एवढाच आकडा दिलेला आहे. म्हणजे आमच्या जुन्या जोडणीत खेळासाठी लागणाऱ्या वेगाच्या दहापटीहून अधिक वेग आधीपासूनच होता.

खेळ अडकतो तो विलंबामुळे. आपण कळ दाबल्यापासून ती माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येईपर्यंत जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. फेरीबोट मोठी आणली म्हणजे एका खेपेत जास्त गाड्या पलीकडे जातात, पण नदी ओलांडायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. वेग आणि पिंग यांचा संबंध नेमका असाच आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. या खेळाचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि गोव्याहून मुंबई रस्त्याने ६०० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे नुसत्या अंतरासाठी जाऊन-येऊन सहाएक मिलिसेकंद पुरतात. उरलेला वेळ सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेत, त्याने निवडलेल्या वळणावळणाच्या मार्गात आणि आपल्या घरातल्या वायफायमध्ये जातो. ५० च्या जागी ३०० एमबीपीएस घेतल्याने यांपैकी एकही गोष्ट आपोआप सुधारत नाही.

आमच्या बाबतीत पिंग ३० च्या आसपास असे, परंतु मध्येच २०० च्या वर उसळी घेई, आणि नवी जोडणी आल्यावरही हे अगदी तसेच चालू राहिले. याचे कारण पुढे मडगावच्या एका परिचित तंत्रज्ञाने घरी येऊन शोधले. आमचे घर जुने, चिऱ्यांच्या जाड भिंतींचे आहे. फायबरची तार जिथे येऊन जोडली जाते तो डबा पुढच्या बैठकीच्या खोलीत आणि मुलाची खोली दोन भिंतींपलीकडे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यातले वायफाय तिथपर्यंत कसेबसे पोहोचत होते, शेजारच्या घरांचे वायफायही त्याच पट्ट्यात गर्दी करत होते, आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी अशा भिंती ओलांडताना तो आणखी लवकर क्षीण होतो. त्यातच संध्याकाळी सर्वांचे फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवू लागत आणि अपलोडची मर्यादा भरली की खेळाची इवलीशी पॅकेटेही त्या रांगेत अडकून पडत. प्रतिनिधीने भिंती पाहिल्या होत्या, मुलाची खोली पाहिली होती आणि तरीही त्याने वेगच विकला. या गोष्टीची मला सर्वाधिक चीड आहे, कारण रोज घरोघरी जोडण्या करणाऱ्या माणसाला हे कळत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

‘खास’ राउटरची कथा तर याहून गंभीर आहे. त्या तंत्रज्ञाने राउटरच्या तळाशी असलेले लेबल वाचून दाखवले. त्याची सर्व पोर्टे (केबल जोडण्याच्या जागा) १०० एमबीपीएसची होती, त्यामुळे त्यामागे जोडलेल्या कोणत्याही संगणकाला ९५ च्या वर वेग मिळणे शक्यच नव्हते. ज्याने आम्हाला ३०० एमबीपीएस विकले, त्यानेच ते अडवणारे उपकरण वेगळे पैसे घेऊन बसवून दिले होते. मग स्पीड टेस्टमध्ये ३०० कसे दिसले? प्रतिनिधीने ती चाचणी फायबरच्या डब्याच्या स्वतःच्या वायफायवर, डब्याच्या शेजारी उभे राहून घेतली होती. नवा राउटर त्या मार्गात नव्हताच. शिवाय फायबरचा डबा स्वतःच राउटरचे काम करत असल्याने एका राउटरमागे दुसरा राउटर आला आणि त्यामुळे खेळातील मित्रांशी बोलण्याच्या सोयीत आणि स्वतः खेळ भरवण्यात नवीन अडथळे येऊ लागले, जे आधी कधीच नव्हते.

खरा उपाय फारच स्वस्त निघाला. डब्यापासून माळ्यावरून मुलाच्या खोलीपर्यंत इंटरनेटची एक कॅट ६ केबल ओढली, नवा राउटर काढून ठेवला आणि फोटो चढवण्याची वेळ रात्री उशिराची लावली. तेव्हापासून पिंग ३० च्या आसपास स्थिर आहे.

जास्त वेग सर्वस्वी निरुपयोगी असतो, असा माझा दावा नाही. १०० जीबीचा खेळ उतरवायला ५० एमबीपीएसवर साडेचार तास लागतात, तर ३०० वर पाऊण तास पुरतो. क्लाउड गेमिंगमध्ये खेळ दूरच्या संगणकावर चालतो आणि त्याचे चित्र आपल्याकडे व्हिडिओसारखे येते. तिथे फुल एचडीसाठी २५ एमबीपीएसच्या आसपास वेग मागितला जातो. घरात एकाच वेळी अनेक जण चित्रपट पाहत असतील तर त्यांचा वेग वेगळा मोजावा. पण ‘लॅग जाईल’ म्हणून कोणी वेग विकत असेल, तर त्याला आधी आपला संगणक केबलने थेट फायबरच्या डब्याला जोडून, घरातल्या फोनांचे अपलोड थांबवून, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, खेळातच दिसणारा पिंग दाखवायला सांगावे. केबलवर पिंग ठीक असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे. केबलवरही तो उसळत असेल तर दोष बहुधा सेवा देणाऱ्याचा आहे आणि तो दूर करणे त्याचेच काम आहे, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

बिलाकडेही नीट पाहावे. आमच्या बिलावर फक्त ‘इंटरनेट सेवा व उपकरण’ एवढेच लिहिले होते. गेमिंग, पिंग, लॅग यांपैकी एकही शब्द नव्हता. पैसे परत मागितल्यावर “असे आश्वासन लेखी कुठे आहे?” हेच उत्तर मिळाले. सुदैवाने प्रतिनिधीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले जाहिरातीचे चित्र आणि ‘लॅग शंभर टक्के जाईल’ असा त्याचा संदेश आम्ही जपून ठेवला होता.

अशी फसवणूक झाल्यास प्रथम सेवा देणाऱ्या कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा आणि निराकरण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्राय (भारताचे दूरसंचार नियामक प्राधिकरण) वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज पाठवून वेळ घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही. आमच्या तक्रारीनंतर कंपनीने उरलेल्या महिन्यांसाठी पुन्हा ५० एमबीपीएसची जोडणी देऊन फरकाची रक्कम पुढील बिलांत वळती करण्याची तयारी दाखवली आहे, मात्र राउटरचे पैसे देण्यास नकार दिला आहे. त्या लेबलाचे छायाचित्र, बिल आणि संदेशांच्या प्रती जोडून आयोगाकडे द्यायचा अर्ज आम्ही तयार करत आहोत.