एस्सिटॅलोप्रॅम १० मिग्रॅ : गोळी चांगली, पहिला पंधरवडा सांभाळायचा

जळगाव असो, शिरपूर असो की शहादा, नैराश्यासाठी किंवा सततच्या काळजीसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलेल्याच्या चिठ्ठीवर एस्सिटॅलोप्रॅम हे नाव बऱ्याचदा दिसतं. गोळी लहान आणि दिवसातून एकदाच घ्यायची. जनऔषधी केंद्रात ती स्वस्तात मिळते. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांच्या मानाने तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता आणि गुंगी बरीच कमी. औषध म्हणून हिला चांगलेच गुण द्यावे लागतील. खोट एकच, पण मोठी: त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमक्या त्या मधल्या काळात ‘मला ही मानवत नाही’ म्हणून पट्टी कपाटात जाते.

मळमळ सगळ्यात आधी येते. ही गोळी सिरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनावर काम करते, आणि शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं. गोळी ते वाढवते, म्हणून पोट आधी बोंबलतं. गोळी उपाशीपोटी घेतली तरी तिचा गुण कमी होत नाही, पण सुरुवातीला ती जेवणानंतरच घ्यावी. पहिला आठवडाभर काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा बाजूला ठेवावा. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, ताक, केळं असं हलकं, थोडं थोडं, चार-पाच वेळा खावं. एकादशीचा कडक उपवास या दिवसांत नको.

इथे एक गफलत नेहमी होते. मळमळीला ॲसिडिटी समजून लोक मेडिकलवरून ओमेप्राझोल आणतात. यकृतातलं जे एन्झाइम एस्सिटॅलोप्रॅम मोडतं, त्यालाच ओमेप्राझोल अडवतं आणि रक्तातलं गोळीचं प्रमाण साधारण दीडपट होतं. म्हणजे त्रास घालवायला घेतलेली गोळी त्रासच वाढवते. उलटीवरचं ओंडान्सेट्रॉनही मनाने घेऊ नये. हृदयाच्या विद्युत लयीवर ओंडान्सेट्रॉन आणि एस्सिटॅलोप्रॅम या दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या गोळीबरोबर घेतलं की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि कंबरदुखीसाठी शेतकामाच्या दिवसांत आपल्याकडे नेमक्या याच गोळ्या घेतल्या जातात. ट्रॅमाडॉल ही कडक वेदनाशामक गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

झोपेचं गणित प्रत्येकाचं वेगळं. झोप उडत असेल तर गोळी सकाळी न्याहारीनंतर, पेंग येत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यावी. वेळ बदलताना एका दिवसात दोन गोळ्या होणार नाहीत एवढं पाहावं. गोळीचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ३० तासांच्या आसपास असल्याने काही तास पुढेमागे झाल्याने बिघडत नाही. रक्तात ती आठवडाभरात स्थिरावते. हातापायांना कंप, छातीत धडधड, एका जागी बसवत नाही असं होत असेल तर डॉक्टरांना विचारून आठवडाभर ५ मिग्रॅवर राहता येतं. चिंतेच्या रुग्णांना ही संथ सुरुवातच जास्त मानवते. गोळीवर मधोमध रेघ असेल तरच अर्धी करावी, नाहीतर ५ मिग्रॅची वेगळी गोळी मागावी.

खानदेशचा उन्हाळा मात्र वेगळा विचार मागतो. गोळीने घाम वाढतो, आणि भुसावळच्या मे महिन्यात तो आधीच कमी नसतो. साठीपुढच्या माणसात ही गोळी रक्तातलं सोडियम उतरवू शकते. त्यात रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका दुप्पट गांभीर्याने घ्यावा. आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले, चालताना तोल जाऊ लागला, मळमळ कमी होण्याऐवजी वाढली, तर ‘उन्हाचं असेल’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्तातलं सोडियम तपासून घ्यावं. नुसतं साधं पाणी तांब्यावर तांब्या पाजल्याने सोडियम आणखी खाली जातं. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांनी गोळीची पट्टी आणि ओआरएसची पाकिटं सोबत ठेवावीत. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवायचं. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मिठाचं प्रमाण आधी विचारून घ्यावं.

कामेच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर लागणं, स्त्रियांमध्ये तृप्ती न येणं, हा त्रास मळमळीसारखा आठवड्या-दोन आठवड्यांत जाईलच असं नाही. घरात कुणी बोलत नाही, दवाखान्यातही लाज वाटते आणि गोळी गुपचूप बंद होते. डॉक्टरांना सरळ सांगावं. मात्रा कमी करणं, औषध बदलणं असे मार्ग असतात, पण सांगितल्याशिवाय ते सुचवणार कसे?

काही लक्षणं मात्र सहन करत बसायची नसतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणं किंवा वाढणं, रात्र-रात्र न झोपताही अंगात भलताच उत्साह आणि मोठमोठी बोलणी, ताप-कंप-स्नायू ताठरणं एकत्र येणं, चक्कर येऊन पडणं: लगेच डॉक्टर. पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं. कपाशीवरची फवारणीची औषधं घरात असतील तर ती तेवढे दिवस कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्या माणसाकडे असावी. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर थेट १०८.

बरं वाटलं म्हणून गोळी एकदम सोडू नये. चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्यांना बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात आणि मग मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. तालुक्याच्या गावी साठा कधी असतो, कधी नसतो, म्हणून पट्टीत सात-आठ गोळ्या उरल्या की पुढची आणून ठेवावी.

घेताना ब्रँडचं नाव न पाहता पट्टीमागचा घटक वाचावा. त्याच नावापुढे ‘प्लस’ किंवा एखादं जादा अक्षर असेल तर आत बहुधा क्लोनाझेपॅम हे घालमेल शमवणारं, गुंगी आणणारं औषधही असतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांची घालमेल आणि झोप सावरायला डॉक्टर ते मुद्दाम देतात, तेव्हा ते उपयोगीच आहे. पण तीच पट्टी वर्षभर चालू राहिली तर क्लोनाझेपॅमची सवय लागते, आणि दारू घेऊन किंवा मोटारसायकलवर असताना त्याची गुंगी जिवावर बेतते. चिठ्ठीवर साधं एस्सिटॅलोप्रॅम लिहिलेलं असेल तर दुकानदाराने पुढे केलेलं ‘प्लस’ परत करावं, आणि ‘प्लस’ आधीच चालू असेल तर पुढच्या भेटीत विचारावं: यातलं क्लोनाझेपॅम कधी आणि कसं उतरवायचं?