नाव विणू नका, भरून घ्या: विजय दिवसाच्या सत्कारासाठी सोलापुरी चादर

शाल, नारळ आणि काचेचं सन्मानचिन्ह हा ठरलेला संच सोडायचा असेल, तर सोलापुरात माजी सैनिकांच्या सत्काराला मजकूर विणलेली चादर करून घेता येते. वस्तू म्हणून तिला पैकीच्या पैकी गुण. अंथरता येते, पांघरता येते, वर्षानुवर्षं टिकते आणि काचेसारखी एसटीत फुटत नाही. मजकुराला मात्र दहापैकी सहाच. त्यातही चूक बहुतेकदा मागाची नसते, ऑर्डर देणाऱ्याची असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येकाचं नाव विणून मागणं. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या मागावर, नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर छिद्रं पाडून ठरते. तीस जवानांची तीस नावं म्हणजे पत्त्यांचे तीस संच आणि प्रत्येक नावाला माग थांबवणं. इलेक्ट्रॉनिक जकार्डवर पत्ते लागत नाहीत, तरी एकेका नगासाठी नमुना बदलायला कारखानदार सहसा तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून सगळ्यांना समान मजकूर विणून घ्या: ‘विजय दिवस, १६ डिसेंबर १९७१’. नाव नंतर काठाला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीने भरून घ्या.

विणकरी अक्षरांचा हिशेब असा. जकार्डमध्ये ताण्याचे धागे उचलणारे हुक असतात. त्यांच्या संख्येत जेवढी रुंदी बसते तेवढ्यात एक नक्षी, पुढे तीच पुन्हा. समजा चादर ६० इंच रुंद आहे आणि नक्षी १५ इंचांची, तर मजकूर ओळीत चार वेळा येणार. हा दोष मानू नका, सोय आहे: चादरीची लांबीत चौपदरी घडी घातली की १५ इंचांची पट्टी होते आणि खांद्यावरून सोडल्यावर एक पूर्ण मजकूर समोर दिसतो. त्यासाठी मजकूर दोन्ही टोकांना हवा. मधोमध विणलेला मजकूर घडीत जातो आणि फोटोत नुसता रंग दिसतो.

दोन्ही टोकांची गोम वेगळीच. खांद्यावरून दोन्ही पदर पुढे आले की दोन्हीकडे अक्षरं सरळ दिसायला हवीत, म्हणजे अक्षरांच्या शिरोरेषा चादरीच्या मध्याकडे. दुसऱ्या टोकाला तेच पत्ते उलट्या क्रमाने चालवले तर अक्षरं आरशातल्यासारखी निघतात. फुलाला ते चालतं, ‘विजय’ला नाही. दुसऱ्या टोकासाठी वेगळा नमुना लागतो हे आधीच बोलून घ्या. चादर दुहेरी विणीची असल्यामुळे मागच्या बाजूला रंग अदलाबदल होऊन अक्षरं तशीही उलटीच दिसतात. त्यावर इलाज नाही. सत्कार करणाऱ्याच्या हातात सुलट बाजू वर ठेवून चादर द्यायची, एवढंच.

अक्षर दोन इंचांपेक्षा लहान घेऊ नका. जाड सुतात रफार आणि जोडाक्षरं पायऱ्या-पायऱ्यांची होतात, अनुस्वाराचा ठिपका चौकोनी होतो किंवा गायबच होतो.

भरतकामाला मागून कागदी अस्तर लावायला सांगा, नाहीतर कापड आखडून नावाभोवती सुरकुत्या पडतात. चादरीऐवजी टर्किश टॉवेल देणार असाल तर वरूनही पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म लागते. ती नसली की धागा टॉवेलच्या उभ्या फाशांमध्ये बुडतो आणि नाव वाचताच येत नाही.

फौजी तपशिलात चूक झाली तर चादर कितीही चांगली असो, ती कपाटात जाते. हुद्दा डिस्चार्ज बुकावरून (लष्कर सोडताना मिळणाऱ्या नोंदपुस्तकावरून) घ्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको. तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर. सगळ्यांना ‘शिपाई’ लिहून चालत नाही. ‘सुभेदार’ आणि ‘नायब सुभेदार’ एक नाहीत. निवृत्तीच्या वेळी मानद कॅप्टन झालेल्यांचं ‘मानद’ गाळू नका. ‘वीरनारी’ हा शब्द शहीद जवानाच्या पत्नीसाठी आहे, निवृत्तीनंतर वारलेल्या सैनिकाच्या पत्नीला तो लावू नये. पदकाची आकृती टाकण्याचा मोह टाळलेला बरा: १९७१ च्या युद्धातल्या पूर्व आघाडीवाल्यांना पूर्वी स्टार हे पदक, पश्चिमेकडे लढलेल्यांना पश्चिमी स्टार. राजस्थानच्या वाळूत लढलेल्या माणसाला पूर्वी स्टार विणून दिलात तर तो मंचावर काही बोलणार नाही, पण मनात बोलेल.

तिरंगाही विणू नका. ध्वजसंहितेत उशा, रुमाल, नॅपकिन यांवर राष्ट्रध्वज छापायला किंवा भरायला मनाई आहे, ध्वजावर अक्षरं लिहायलाही. चादरीला वेगळा न्याय कशाला मागायचा? अशोकस्तंभाच्या वापरावरही बंधनं घालणारा २००५ चा कायदा आहे. एकरंगी काठ आणि स्वच्छ अक्षर पुरेसं दिसतं. रंगात मरून किंवा गडद हिरव्यावर पांढरट अक्षर उठून येतं. लालवर पिवळं फोटोत फुटतं.

तारखेचं म्हणाल तर १६ डिसेंबरच सोयीची. १४ जानेवारीला माजी सैनिक दिवस असतो, पण तेव्हा सोलापूर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत असतं. ना मंडप मिळतो ना माणसं. ऑर्डर दिवाळीआधी द्या, कारण नंतर आहेराच्या टॉवेल-चादरींची घाई सुरू होते. भाव सुताच्या दराबरोबर हलतो, म्हणून नगावर न बोलता वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि पहिला नमुना पसंत केल्याशिवाय पुढचे विणू देऊ नका. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्याच नावाने बाहेरचा मालही विकला जातो, म्हणून शक्यतो माल थेट कारखान्यातून उचला.

माल आल्यावर ओला पांढरा रुमाल गडद भागावर दहा-बारा वेळा घासा. रुमाल रंगला तर गठ्ठा परत, कारण पहिल्याच धुण्यात पांढरी अक्षरं गुलाबी होणार. मग प्रत्येक नाव यादीशी ताडून पाहा, आणि ते काम यादी करणाऱ्याकडे न देता दुसऱ्याला द्या.