पारी/जीपी: मोठ्या पूर्णांकांसाठी उत्तम, पण 'मूळ संख्या' म्हणालं तर एकदा उलटतपासणी करा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकली की शेवटच्या दोन अंकांचे शून्य होतात. तिथे पंधरा अंकांपुढचं टिकतच नाही, त्यामुळे पुढची सगळी तपासणी भलत्याच संख्येची होते. हे काम पारी/जीपीचं. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात वाढलेली ही गणिती संगणक प्रणाली फुकट आणि मुक्त स्रोत आहे. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत; टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत.)

'फॅक्टर' दिलं की क्षणात तक्ता येतो, डावीकडे मूळ अवयव, उजवीकडे घातांक: ३^४, ३७^२, ३३३६६७^२. घातांक सगळे सम, म्हणजे पूर्ण वर्ग, १११११११११ चा. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. हा तक्ता एका चलात साठवा आणि 'नमडिव्ह' (विभाजक किती), 'सिग्मा' (विभाजकांची बेरीज), 'ऑयलरफाय' (संख्येपर्यंतच्या, तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या किती) यांना संख्येऐवजी तोच द्या. नाहीतर प्रत्येक वेळी अवयव पाडण्याचं काम नव्याने होतं, आणि मोठ्या संख्येत वेळ खातं ते तेच.

नेहमीच्या चुका दोन. १०^२० हवं असताना दशांशाची 'ई' पद्धत (१ई२०) वापरली की ती वास्तव संख्या धरली जाते आणि पूर्णांकांच्या आज्ञा अडतात. दुसरी, वर्गमूळासाठी 'एसक्यूआरटी' वापरणं. उत्तर दशांशात, ठरावीक अचूकतेपुरतंच मिळतं. पूर्णांक भाग हवा तर 'एसक्यूआरटीइंट', पूर्ण वर्ग आहे का पाहायचं तर 'इझस्क्वेअर'.

आता खरी मेख. 'फॅक्टर' मोठ्या अवयवांना 'मूळ' म्हणतं ते बीपीएसडब्ल्यू या, संख्या मूळ असावी का हे झटपट सांगणाऱ्या चाचणीच्या भरवशावर. २^६४ च्या खाली ती चाचणी चुकत नाही हे तपासलेलं आहे. त्यापुढे आजवर अपवाद सापडलेला नाही, पण सिद्धताही नाही. सिद्धता हवी तर त्या अवयवावर 'इझप्राइम' चालवा किंवा 'फॅक्टर_प्रुव्हन' ही सेटिंग १ करा. ही तजवीज मुळातच चालू ठेवायला हवी होती, असं आमचं मत.

वेगाबद्दल तक्रार नाही. २^६७ − १ मूळ नाही हे गणितज्ञ ल्युकासने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव (१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७) कोलने १९०३ मध्ये दिले. इथे एंटर दाबेपर्यंत उत्तर हजर. मात्र दोन जवळपास सारख्या मोठ्या मूळ संख्यांचा दोनशे अंकी गुणाकार दिलात तर वाट बघत बसू नका. आरएसए-२५० ही आव्हान म्हणून दिलेली २५० अंकी संख्या फुटली ती २०२० मध्ये, तीही हजारो गाभा-वर्षं (प्रोसेसरचा एक गाभा वर्षभर चालवणं म्हणजे एक) खर्चून. म्हणून संख्या मूळ असावी का हे पाहायला आधी 'इझस्यूडोप्राइम' चालवा. शेकडो अंकांनाही ते झटकन उत्तर देतं. संयुक्त निघाली तरच 'फॅक्टर'. स्टॅक (पारीची कामाची मेमरी) भरल्याची त्रुटी आली तर तिची मर्यादा, 'पारीसाइझमॅक्स', वाढवा.