दुर्बीण की स्कोप? करमळीच्या बांधावरून

दसरा झाला की दरवर्षी दोघे-तिघे तरी हा प्रश्न घेऊन येतात. हाताशी जुनी, स्वस्तातली दुर्बीण असते, चार पैसे साठलेले असतात. आता चांगली ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, पुढची भिंगे ४२ मिमीची) दुर्बीण घ्यावी, की थोडी भर घालून स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने पाहायची लांब पल्ल्याची नळी? मी दोन्ही घेतले आहेत. आधी स्कोप घेतला, अक्कल नंतर आली. तरी स्कोप वाईट असे म्हणणार नाही. काचेचे लेप, किमती, कंपन्या यांत शिरत नाही, ते दुकानदार सांगेलच. पाऊस सरल्यावर गोव्यात थवे उतरू लागतात, तेव्हा डोळ्याला काय लावावे एवढेच बोलू.

स्कोपची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. मोरजीला शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे वाळूवर कुरव आणि सुरय हे किनाऱ्यावरचे पक्षी दाटीवाटीने बसतात. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर. अशा वेळी स्कोप लावला की दुकान उघडल्यासारखे सगळे समोर मांडलेले दिसते. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात सारखेच दिसतात. दोघांचीही डोकी पांढरी झालेली, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. पण पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, दुसऱ्याचा गडद. हा डोळा मला दुर्बिणीतून आजवर खात्रीने दिसलेला नाही. स्कोपमधून पहिल्याच सकाळी दिसला. चिखल्या या छोट्या किनारी पक्ष्यांचेही तेच. धाकटी जात कोणती नि थोरली कोणती हे चोचीच्या लांबीवर ठरवायचे, आणि ती चोच दोनशे पावलांवर. कुणाला हे कोडे सोडवण्यातच आनंद असेल तर त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल. थेट स्कोप घ्यावा.

फक्त मोरजीला सकाळी लवकर जा. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटला की ट्रायपॉड थरथरतो, आणि साठपट मोठा केलेला कुरव साठपट थरथरतो. वाळू ट्रायपॉडच्या पायांत शिरते ती वेगळीच. चोडणला, सलीम अली अभयारण्यात, होडीतून फिरणार असाल तर स्कोपचे नावच नको, तो घरी ठेवा.

आता थवे. करमळीच्या तळ्यावर अडई बदके तर आपलीच, बारमाही. पावसानंतर त्यांच्यात तलवार बदके, भुवई बदके, थापटे येऊन मिसळतात. ऑक्टोबरात आणखी एक अडचण असते. नर अजून विणीनंतरच्या साध्या पिसाऱ्यात असतात, म्हणजे सगळेच मातकट, मादीसारखे. भुवई बदकाची ती प्रसिद्ध पांढरी भुवई तर बरेच महिने नीट येतच नाही. नवखा माणूस म्हणेल, मग स्कोपच हवा. मलाही तसेच वाटले होते. पण तळ्यावर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी फिरतो तेव्हा काय होते ते पाहा. तो कमळाच्या पानांवरून खालून-खालून एक घिरटी घालतो आणि सगळे तळे एकदम उठते. त्या क्षणी भुवई बदकाच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी चमकतो आणि शंका तिथेच मिटते. हे दुर्बिणीने दिसते. माझ्या स्कोपमध्ये त्या वेळी दिसत होते रिकामे पाणी. डोळा काढून पाहिले तर थवा रेल्वे रुळांच्या वर, पुन्हा डोळा लावून शोधेपर्यंत तो वळून दुसऱ्या टोकाला उतरलेला.

थवा ही वस्तू स्कोपात मावत नाही, हे मला दोन हंगाम कळले नाही. त्यात एका वेळी अकरा-बारा बदके दिसतात, फार स्पष्ट दिसतात, पण थवा दिसत नाही. भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, तर विचारूच नका. संध्याकाळी त्या शेतांवर धुरासारख्या वळतात तेव्हा आठपटही कधी कधी जास्त वाटते.

हे सगळे खरे, पण माझा निर्णय यामुळे झाला नाही. झाला तो एका भलत्याच त्रासाने.

गोव्यात शेताच्या बांधावर ट्रायपॉड रोवून, एक डोळा मिटून उभा असलेला माणूस पक्षी पाहतोय असे कुणाला वाटत नाही. तो जमीन मोजायला आलेला असतो. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ सायकल थांबवून म्हणाले, “बाब, कितें मेजतात?” मी खरे ते सांगितले, “बदकं मोजतोय.” ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. एवढे महागाचे यंत्र लावून कुणी बदके मोजते यावर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. अर्ध्या तासाने आणखी तिघे आले. सर्वे नंबर कुठला? कुणी पाठवले? इथे रस्ता येणार की हॉटेल? मी त्यांना स्कोपमधून पाहायला लावले. एकाने पाहिले, जांभळी पाणकोंबडी दिसली, खूश झाला. दुसऱ्याने विचारले, “म्हणजे मोजणी बदकांच्या नावाखाली?”

चूक त्यांची नाही. गेली काही वर्षे इथे शेतांचे काय काय झाले ते पाहता माणसाने विचारलेच पाहिजे. पण दर सकाळी पहिला अर्धा तास खुलासे देण्यात जातो, आणि पक्ष्यांचा उत्तम वेळ तोच असतो. चोडणला, दिवाडीला, कुडतरीच्या तळ्यावर, सगळीकडे हेच झाले. गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही. फार तर वेडा समजतात.

मग स्कोप कमी निघू लागला. कमी निघाला म्हणून कपाटात राहिला, आणि कपाटात राहिला म्हणून पावसाळ्यात आतून बुरशी धरली. आपल्या हवेत काच वापरात असेल तरच टिकते. दुर्बीण रोज बाहेर पडते, तिला अजून काही झालेले नाही. एसी गाडीतून काढल्यावर तिच्यावर वाफ धरते खरी, पण दोन मिनिटांत जाते.

तुम्ही आधीच नेटके पक्षीनिरीक्षक असाल, मोरजी-आश्वे भागात राहत असाल, आणि सकाळी गाडीतून स्कोप उतरवायला कुणी बरोबर असेल, तर माझे ऐकू नका. बाकीच्यांनी मला वाटते ८×४२ घ्यावी. १०×४२ चा मोहही टाळलेला बरा, हात थकल्यावर तिचे थरथरणे नकोसे होते. स्कोपपायी घालणार होता ते उरलेले पैसे दुर्बिणीच्या एखाद्या चांगल्या गळपट्ट्यावर आणि करमळीच्या फेऱ्यांवर खर्च करा.

ते सायकलवाले गृहस्थ गेल्या दिवाळीच्या आदल्या रविवारी पुन्हा भेटले. माझ्या गळ्यात फक्त दुर्बीण होती. थांबले नाहीत, पेडल मारता मारताच पक्षी आले का म्हणून ओरडले, “सुकणीं आयलीं?”

“आयलीं,” मी म्हणालो.