पुंता काना, पोर्तो रिको की बार्बाडोस? गोल्फ एकाचा, समुद्र सगळ्यांचा

न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या घरांत कॅरिबियनचा विषय साधारण मार्चमध्ये निघतो. मुलांची शाळा सुटते ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर. तोवर पुण्याहून आई आलेली असते, आणि घरात गोल्फ खेळणारा माणूस एकच असतो. बाकीच्यांना हवा असतो समुद्र. एकाला सकाळचे चार तास मोकळे मिळावेत आणि तेवढ्या वेळात इतरांनी कंटाळून त्याची वाट बघत बसू नये, असं बेट कोणतं? वेगवेगळ्या उन्हाळ्यांत तीन ठिकाणी राहून आलो आहे, म्हणून लिहितो: डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना, पोर्तो रिको आणि बार्बाडोस. विमानाचे तास, हॉटेलांचे तारे तुम्ही शोधलेच असतील, ते सोडून देतो.

आधी कागदपत्रं, कारण काहींचा निर्णय तिथेच होतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर सरळ पोर्तो रिकोचं तिकीट काढा. तो अमेरिकेचाच भूभाग आहे, विमान देशांतर्गत, परत येताना पासपोर्टची रांग नाही. निघताना शेतीखात्याकडून सामान तपासलं जातं, एवढंच. ‘जवळच्या बेटांवर महिन्याच्या आत जाऊन आलं तर नवा शिक्का लागत नाही’ असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ती सवलत एफ आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसावाल्यांना आहे. एच-वन-बीवाल्यांना ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती मिळते. आईसारख्या पाहुण्यांचा अमेरिकन व्हिसा चालू असेल, तर डॉमिनिकन रिपब्लिकसाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, आणि बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून तसंच जाता येतं. नियम बदलत राहतात, पैसे भरण्याआधी एकदा बघून घ्या.

पोर्तो रिकोबद्दल थोडक्यात सांगतो. गोल्फ चांगला आहे. डोराडो बीचचा ईस्ट कोर्स रॉबर्ट ट्रेंट जोन्स सीनियर यांनी १९५८ साली उभा केला. रिओ ग्रांदेला ग्रँड रिझर्व्हवर पीजीए टूरची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या मुख्य स्पर्धामालिकेतली, पोर्तो रिको ओपन होते. टोनी फिनाऊ २०१६ साली आणि व्हिक्टर होवलंड २०२० साली टूरवरची आपली पहिली स्पर्धा तिथेच जिंकले. पण समुद्रावरचा वारा एल युंकेच्या डोंगराला अडतो आणि त्या पट्ट्यात पाऊस कधीही येतो. कोवळ्या उन्हात सुरू केलेला राउंड, म्हणजे अठरा होलचा पूर्ण खेळ, मधेच छपराखाली उभं राहून काढावा लागतो. किनाऱ्यांचंही तसंच: उत्तरेकडे अटलांटिकच्या लाटा, त्यामुळे लहान मुलांना घेऊन लुकिलोच्या शांत चंद्रकोरीपर्यंत जावं लागतं. मात्र नुसता समुद्र पुरत नाही अशांसाठी हेच बेट. एल मोर्रोच्या किल्ल्यासमोरचं मैदान, जुन्या सान हुआनच्या गल्ल्या, पावसाळी जंगल, सगळं एका सुट्टीत होतं. शाकाहाऱ्यांनी मोफोंगो मागवताना विचारून घ्यावं. केळ्याच्या त्या गोळ्यात बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे कुटलेले असतात.

माझी खरी ओढाताण झाली ती उरलेल्या दोघांत.

गोल्फ एवढाच निकष असेल तर पुंता कानाच्या पुढे जायचं कारण नाही. कोरालेस हा टॉम फाझिओ यांचा कोर्स २०१० सालचा, आणि २०१८ पासून तिथे पीजीए टूरची स्पर्धा होत आली आहे. शेवटच्या तीन होलना ‘सैतानाचं कोपर’ म्हणतात. अठराव्या होलवर टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की डावी-उजवी ठरवायची ती समुद्र बघून: छोटा उपसागर ओलांडून फेअरवे, म्हणजे पलीकडचा कापलेल्या गवताचा पट्टा, गाठायचा, जेवढं धाडस कराल तेवढं पुढचं अंतर कमी. मी मध्यम हँडिकॅपचा, म्हणजे बेताचा खेळणारा माणूस, पण वाऱ्याच्या तोंडावर तो चेंडू पाणी पार करून पलीकडे गवतावर पडलेला पाहिला, तेव्हा दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटलं. जवळच काप कानामध्ये जॅक निकलाउस यांचा पुंता एस्पादा आहे, २००६ सालचा. तिथेही समुद्र सतत बाजूला. गवत पास्पालमचं, खारं पाणी सोसणारं. चेंडू त्यावर छान उचलून बसतो, फक्त ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, गवत कुठल्या बाजूला झुकलंय याचा अंदाज यायला काही होल जातात.

असा राउंड संपवून मी हॉटेलवर परतलो, तर माझी माणसं पाण्यात नव्हती.

किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचा ओला पट्टा पसरला होता, मुलांच्या गुडघ्याएवढा जाड. सरगॅसम म्हणतात ते हेच. फांद्यांना मिरीएवढे हवेचे फुगे असतात, त्यांच्यावर ते तरंगत येतं. त्यातून चालत पाण्यात गेलं तरी सुटका नाही. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत ते पायांना गुंडाळत राहतं, अंगाला खाजतं, पोहण्याच्या कपड्यांत अडकतं. पहाट फुटताच ट्रॅक्टर येत आणि माणसं दाताळ्यांनी ओढून ढीग लावत. दुपारपर्यंत समुद्राने नवा पट्टा आणून टाकलेला असे. त्या कामगारांच्या कष्टात काही कसूर नव्हती. पण ढीग तापले की सडलेल्या अंड्यांसारखा वास सुटायचा, आणि वारा समुद्राकडून असल्यामुळे तो थेट जेवणाच्या मांडवात. आई गॅलरीचं दार लावून आत बसली. मुलं सबंध मुक्कामात तरणतलावावर राहिली. तरणतलाव आमच्या एडिसनच्या वसाहतीतही आहे.

हे नशिबावर सोडण्यासारखं असतं तर एवढं लिहिलं नसतं. पण कारण पक्कं आहे. २०११ पासून पश्चिम आफ्रिका ते मेक्सिकोचं आखात या पट्ट्यात सरगॅसमची प्रचंड वाढ होत आहे. खोल समुद्रात ते मासे-कासवांना आसरा देतं, तिथे त्याचा त्रास नाही. वसंतात ते वाढायला लागतं आणि मे ते जुलै त्याचा भर असतो, म्हणजे नेमकी आपल्या मुलांची सुट्टी. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या उपग्रह-नोंदींनुसार मे २०२५ मध्ये ते ३७५ लाख टनांवर गेलं, तोवरचा उच्चांक. आणि कॅरिबियनमध्ये वारा जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे पूर्वेकडे तोंड करून बसलेला प्रत्येक किनारा ते झेलतो. पुंता काना आणि बाव्हारो बेटाच्या पूर्वेच्याच टोकावर आहेत. म्हणून माझं म्हणणं असं की, जून-जुलैत जाणाऱ्याने बेट निवडताना किनाऱ्याची दिशा आधी बघावी आणि गोल्फ कोर्स नंतर.

कुणी म्हणेल, मग त्याच देशात दक्षिणेला ला रोमानाला जा. मुद्दा बरोबर आहे. कासा दे कांपोमधला पीट डाय यांचा ‘टीथ ऑफ द डॉग’ १९७१ सालचा आहे, सात होल अगदी समुद्राच्या कडेने, आणि दक्षिण किनाऱ्यावर शेवाळाचा त्रास त्यामानाने कमी. चार मित्र मिळून जाणार असाल तर मी हेच सुचवीन. कुटुंबाला घेऊन गेल्यावर मात्र मिनितासचा किनारा छोटा वाटतो, आणि सगळं फाटकाच्या आतलं असल्यामुळे संध्याकाळी पायी हिंडायला गाव म्हणून हाताशी लागत नाही.

आता बार्बाडोस. बेट लांबीला सुमारे ३४ किलोमीटर, रुंदीला २३, बृहन्मुंबईहून लहान. पण त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या देशांसारख्या आहेत. पश्चिम किनाऱ्याला बेटाचाच आडोसा, तिथलं पाणी सकाळी इतकं स्थिर असतं की छातीएवढ्या खोलीवर उभं राहून आपली बोटं मोजता येतात. पेन्स बेला कासवं पोहणाऱ्यांच्या जवळून जातात. धाकटीने पहिलं कासव पाहिलं तेव्हा ती तोंडातली नळी न काढताच ओरडली. त्याच आठवड्यात आम्ही गाडी घेऊन पूर्वेला बाथशेबाला गेलो, तर तिथे उंच लाटा आणि खडकांमध्ये तेच तपकिरी ढीग. महिना तोच, बेट तेच, अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं. या शेवाळापासून आणि रमच्या भट्ट्यांतल्या सांडपाण्यापासून तिथल्या विद्यापीठाने गाडी चालवण्यापुरता वायू काढून दाखवला आहे. त्यांचं हे काम मोठं व्हावं असं मनापासून वाटतं.

गोल्फमध्ये बार्बाडोस कमी पडतं, हे मान्य करायला हवं. कोरालेससारखे समुद्रावर झुकलेले होल इथे नाहीत. कोर्स आतल्या चढांवर आहेत आणि समुद्र लांबून, वरून दिसतो. सँडी लेनचा ग्रीन मंकी हा फाझिओ यांनी जुन्या दगडखाणीत कोरलेला कोर्स हॉटेलच्या पाहुण्यांसाठीच राखीव, पण त्यांचाच कंट्री क्लब कोर्स बाहेरच्यांना मिळतो. रॉयल वेस्टमोरलँड रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांचा, १९९४ चा. तिथे पाहुण्यांना ठरावीक वेळाच देतात, आधी कळवावं लागतं. एप्स हिल सर्वांत उंचावर, अलीकडेच नव्याने बांधलेला. ड्युरंट्सचा बार्बाडोस गोल्फ क्लब सर्वांना खुला आणि खिशाला त्यातल्या त्यात सोसणारा. मला तो आवडला. सरळ, मोकळा, आणि सोबत खेळायला निवृत्त स्थानिक शिक्षक किंवा बँकवाले मिळतात, जे चौथ्या होलपर्यंत क्रिकेटवर येतात.

पण माझ्या दृष्टीने या बेटाचा फायदा वेळेच्या हिशोबात आहे. जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडतं. साडेसहा-सातची वेळ घेतली की अकरापर्यंत राउंड संपतो, आणि बेट लहान असल्यामुळे साडेअकराला मी घरच्यांसोबत पाण्यात असतो. तोवर त्यांनी सकाळ समुद्रातच घालवलेली असते. परत आल्यावर कुणाचं तोंड उतरलेलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशीचा राउंड मागायला संकोच वाटत नाही. पुंता कानात मला तो वाटायचा.

खर्च जास्त येतो. बहुतेक माल बाहेरून येतो, त्यामुळे दुकानात दही घेतलं तरी किंमत दोनदा वाचली जाते. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हे लक्षात ठेवलं की धक्का निम्मा होतो. आम्ही हॉटेलऐवजी होलटाउनजवळ स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. सकाळी पोहे, रात्री वरण-भात, मधे बाहेर. पुंता कानात सगळं धरून पैसे भरल्यावर बुफेत काय काय मिळायचं, पण आईच्या ताटात भात, कोशिंबीर आणि फळं एवढंच यायचं. इथे रस्त्यावरच्या दुकानात बटाटा-छोल्यांची रोटी मिळाली, ती तिने आवडीने खाल्ली. जवळजवळ आपली फ्रँकीच, फक्त मसाला त्रिनिदादच्या वळणाचा. मासे खाणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री ओइस्टिन्स या मच्छीमारांच्या गावाला जावं.

आणि केन्सिंग्टन ओव्हल. आईला क्रिकेटचं वेड. १९७१ च्या दौऱ्यात वाडेकरांच्या संघाने मालिका जिंकली, गावसकरांनी पदार्पणातच ७७४ धावा काढल्या, त्यातलं नाबाद ११७ याच मैदानावरचं. आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे १५० त्याच सामन्यातले. हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे. मुलांच्या डोक्यात मात्र २९ जून २०२४ आहे: सात धावांनी जिंकलेली टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत, सीमारेषेवरचा सूर्यकुमारचा झेल, खेळपट्टीवरचं गवत तोंडात टाकणारा रोहित. बाहेर सोबर्सच्या पुतळ्याशेजारी आजी आणि नातू आपापला सामना एकमेकांना सांगत उभे होते. गोल्फ-समुद्राच्या हिशोबात हे बसत नाही, पण माझ्या मनातलं पारडं याने जड झालं, हे सांगायला हवं.

काळजीच्या दोन गोष्टी. किनाऱ्यावर मॅन्चिनील नावाची झाडं असतात, बऱ्याच ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा मारलेला असतो. त्यांचं हिरवं, छोट्या सफरचंदासारखं फळ विषारी, चीकही विषारी. पावसात त्यांच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. मुलांना पहिल्याच दिवशी झाड दाखवून ठेवा. दुसरं, वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. बार्बाडोस नेहमीच्या वाटेपासून जरा पूर्वेला आहे, तरी बेरिल वादळामुळे त्या विश्वचषकानंतर आपला संघच तिथे अडकला होता. विमा काढावा, तिन्ही बेटांसाठी.

तुमची सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असेल तर शेवाळाचा जोर सहसा नसतो. मग पुंता कानाविरुद्धची माझी तक्रार बरीचशी गळून पडते आणि कोरालेस खेळायला मीही पुन्हा जाईन. पण शाळेच्या वेळापत्रकाने जूनमध्ये जाणाऱ्यांनी माझं ऐकायचं ठरवलं, तर बार्बाडोसमध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या होलटाउन ते स्पाइट्सटाउन या पट्ट्यातच घर बघा. दक्षिणेला घरं स्वस्त पडतात, ड्युरंट्सचा कोर्सही जवळ येतो, पण तिथे जसजसं पूर्वेकडे सरकाल तसतसं शेवाळ गाठतं. घर ठरवण्याआधी साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचं त्या महिन्याचं सरगॅसमचं पत्रक उघडून नकाशा बघा आणि घरमालकाला त्याच आठवड्यातला किनाऱ्याचा फोटो मागा. गोल्फच्या वेळा त्यानंतर राखून ठेवा.