साधी डेक्सा की टीबीएससकट?

आईच्या हाडांची तपासणी करायची म्हटली की आमच्या बडोद्यात पहिला सल्ला मिळतो तो टाचेच्या मशीनचा. कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या काकवांपैकी कुणी ना कुणी एखाद्या शिबिरात त्यात पाय ठेवून आलेलीच असते. अल्ट्रासाउंडचं यंत्र, किरणं नाहीत, कागद लगेच हातात. वयस्क बायकांत फ्रॅक्चरचा धोका कुणाला जास्त, याचा बऱ्यापैकी अंदाज त्यातून येतो. पण त्या कागदावरच्या टी-स्कोअरला (निरोगी तरुण हाडाच्या सरासरीपेक्षा आपलं हाड किती कमी-जास्त, तो आकडा) उणे २.५ ची, म्हणजे हाडं ठिसूळ ठरवायची मर्यादा लावायची नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेली ती रेघ डेक्सासाठी, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी आहे, टाचेच्या यंत्रासाठी नाही. औषध लागू पडतंय का, हेही टाचेवरून कळत नाही. तेव्हा डेक्सा करायचीच, असं मी धरून चालतो.

खरा प्रश्न त्यानंतरचा: नुसती डेक्सा, की सोबत टीबीएस, म्हणजे ट्रॅबेक्युलर बोन स्कोअरही?

आईच्या नुसत्या डेक्साच्या रिपोर्टात कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर होता उणे ०.८ आणि खुब्याचा उणे २.१. बाई एकच, टेबल एकच. कंबर म्हणते काळजी नको, खुबा म्हणतो जपा. त्यात मधल्या काळात पाठीचा बाक वाढला होता आणि कमरेचा आकडा मात्र आधीच्या रिपोर्टापेक्षा सुधारलेला! मला खटकलं ते इथे. कारण साधं आहे. डेक्सा समोरून सावली घेते आणि त्या चौकटीत सापडेल तेवढं कॅल्शियम हाडाच्या खात्यावर जमा करते. झिजलेल्या मणक्यांच्या कडांना वाढलेली हाडं, मागच्या सांध्यांची संधिवाताची जाडी, महाधमनीत साचलेला चुना, अगदी दबून बसलेला मणकासुद्धा आकडा वर नेतो. साठीच्या पुढे अशी झीज नसलेली कंबर शोधूनच काढावी लागेल, आणि रिपोर्टात पहिला रकाना नेमका तिचाच.

टीबीएस त्याच कमरेच्या चित्रावर चालतो. पुन्हा झोपायचं नाही, जादा किरणं नाहीत. करड्या छटा एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत किती बदलतात ते सॉफ्टवेअर पाहतं. दोन शालींचं वजन सारखं असलं तरी एकीची वीण दाट आणि दुसरीची विरळ असू शकते. डेक्सा वजन सांगते, टीबीएस विणीचा अंदाज देतो. झिजेमुळे तो फारसा फसत नाही. हल्ली साधारण १.३१ च्या वर चांगलं आणि १.२३ च्या खाली खराब, असं धरतात. आईचा १.१९ आला. दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा उभा जिना ती दिवसभर चढते-उतरते, पडली तर काय ही धास्ती असतेच, म्हणून मी कमरेच्या टी-स्कोअरपेक्षा त्या आकड्याला जास्त मानलं. एका माणसाचा अनुभव, त्याला तेवढंच वजन द्या.

आईला टाइप-२ मधुमेह आहे, हेही टीबीएसच्या बाजूने गेलं. या आजारात घनता चांगली दिसते आणि तरी हाडं मोडतात. शिवाय फ्रॅक्सच्या, म्हणजे हाड मोडण्याचा धोका काढायच्या मूळ गणितात टाइप-२ साठी वेगळा रकाना नाही. टीबीएसचा आकडा मात्र फ्रॅक्समध्ये घालता येतो आणि पुढच्या दहा वर्षांचा धोका त्यानुसार बदलतो. स्टेरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर तिथेही हाच युक्तिवाद.

उणिवा आहेतच. पोटावर चरबी फार असली की चित्र गढूळ होतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३७ च्या वर असेल तर आकड्यावर विसंबू नये. एकट्या टीबीएसवरून औषध सुरू करत नाहीत, आणि हाडांच्या नेहमीच्या गोळ्यांनी तो फारसा हलत नसल्याने गुण आला का हे पाहायला घनताच लागते, तीही शक्यतो त्याच मशीनवर. प्रत्येक सेंटरकडे हे सॉफ्टवेअर नसतं. नाव नोंदवतानाच विचारून घ्या.

तुमच्या आईची कंबर धड असेल, मधुमेह नसेल, स्टेरॉइड नसतील, तर नुसत्या डेक्सावर भागावं. खुब्याचा रकाना आधी वाचा. आणि उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल तर त्याच टेबलावर मणक्यांचं बाजूने चित्रही काढायला सांगा. न कळत दबलेला मणका त्यात सापडतो.