पाच ॲक्सिस व्हीएमसी : वर्षभराच्या वापरानंतर एका सेटरचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या जॉबशॉपमध्ये (इतरांचे पार्ट कापून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये) पाच ॲक्सिसचं मशीन येऊन आता वर्ष होत आलं. सेटिंग आणि प्रोग्रामिंग दोन्ही माझ्याकडे आहे. मशीनचं मेक मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगतोय ते या जातीच्या जवळपास प्रत्येक मशीनला लागू पडेल. मशीन ट्रनियनचं आहे, म्हणजे नेहमीच्या एक्स, वाय, झेड या तीन सरळ ॲक्सिसशिवाय टेबलच कलतं (ए ॲक्सिस) आणि स्वतःभोवती फिरतं (सी ॲक्सिस). टेबल ५०० मिमी, स्पिंडल १५,००० आरपीएम, टूल बसायचा टेपर एचएसके-ए ६३, कंट्रोलर हायडेनहाइनचा टीएनसी ६४०. त्याआधीची सगळी वर्षं मी तीन ॲक्सिसच्या व्हीएमसीवर (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, उभ्या स्पिंडलचं मशीन) काढली, त्यामुळे तुलना तिच्याशीच करतोय. पुढे नुसतं व्हीएमसी म्हटलं तर तीच समजा.

मशीन घ्यायच्या विचारात असलेल्यांना आधी एक सांगतो. प्रदर्शनात इम्पेलर (वळणदार पात्यांचं चाक) फिरताना दिसतो, पाचही ॲक्सिस एकदम नाचत असतात, आणि बघणारा हरखून जातो. आमच्याकडे तसं काम थोडं आहे. बहुतेक काम थ्री प्लस टूचं, म्हणजे टेबल हव्या त्या कोनात वळवायचं, तिथे लॉक करायचं आणि नेहमीसारखं तीन ॲक्सिसमध्ये कापायचं. मशीनचा हप्ता निघतोय तो याच कामावर.

उदाहरण देतो. ६०६१ ॲल्युमिनियमचा एक व्हॉल्व्ह ब्लॉक आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून येतो. सहाही बाजूंना काम, त्यात दोन होल ३७ अंशांत तिरपे आणि आतून मुख्य बोअरला जाऊन मिळणारे. व्हीएमसीवर याला सहा सेटिंग लागायचे, म्हणजे सहा वेळा जॉब नव्याने बांधायचा, तिरप्या होलसाठी जॉब कोनात धरणारी साइन प्लेट लावायची आणि प्रत्येक वेळी नव्याने डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं गेज) फिरवून झिरो घ्यायचा. जॉब उचलून परत बांधला की दोन-तीन शतांश मिमी कुठेतरी जातातच, कितीही हात बसलेला असो. पोझिशन टॉलरन्स (जागेत चालणारी चूक) ०.०५ मिमी, त्यामुळे लॉटमधले काही जॉब कायम काठावर असायचे. आता तळाला डव्हटेल (पकडीसाठी तिरप्या कडांचा भाग) मारून तो सेल्फ-सेंटरिंग व्हाइसमध्ये पकडतो आणि पाच बाजू एकाच पकडीत काढतो. दुसऱ्या सेटिंगला फक्त डव्हटेलचा भाग कापून तळ फेस करायचा. त्यासाठी ब्लँक चार-पाच मिमी जास्त जाडीचं मागवावं लागतं, पण पोझिशनमुळे होणारं रिजेक्शन जवळजवळ संपलं.

दुसरा फायदा टूलच्या लांबीचा, ज्याबद्दल विकणारे फारसं बोलत नाहीत. खोल पॉकेटच्या कोपऱ्यात शिरायला पूर्वी लांब टूल लावावं लागायचं. आता जॉबच कलता करता येतो, म्हणून आखूड टूल पोचतं. टूल किती वाकणार हे बाहेर राहिलेल्या लांबीच्या घनावर ठरतं. लांबी निम्मी झाली की वाक आठव्या हिश्श्यावर येतो. चॅटर (टूलची थरथर) गेला, फीड वाढवता आला, आणि १० मिमीचं कार्बाइड एंडमिल पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जॉब काढतं.

आता खरा विषय. तीन ॲक्सिसवर अचूकपणा फिक्स्चरमध्ये असतो आणि तो डोळ्यांना दिसतो. डायल लावा, काटा बघा, झालं. पाच ॲक्सिसवर तोच अचूकपणा मशीनच्या पोटात जाऊन बसतो, ए आणि सी ॲक्सिसच्या फिरण्याच्या सेंटरमध्ये. ही सेंटर कुठे आहेत याचे आकडे कंट्रोलरच्या कायनेमॅटिक्समध्ये भरलेले असतात, आणि टेबल वळलं की कंट्रोलर त्या आकड्यांवरून जॉबची नवी जागा काढतो. सी ॲक्सिसचं सेंटर १० मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) सरकलेलं असेल तर शून्य अंशाला कापलेली बाजू आणि १८० अंशाला कापलेली बाजू यांच्यात २० मायक्रॉनचा फरक पडतो. कोनाचंही तसंच. १० आर्कसेकंदांची (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) चूक कानावर काहीच नाही वाटत, पण सेंटरपासून २०० मिमीवर तीच चूक जवळपास १० मायक्रॉन भरते. कापताना आवाज नाही, अलार्म नाही, टूलवर खूण नाही. जॉब मोजायला सरफेस प्लेटवर (ग्रॅनाइटच्या सपाट लादीवर) गेल्यावरच कळतं.

आमच्याकडे हे पहिल्यांदा पकडलं ते टूलरूममधल्या जुन्या कारागिरानं, ज्यांना सगळेच मामा म्हणतात. एप्रिलचा महिना, वर पत्र्याचं छत. मामांनी ग्रॅनाइटवर एकाच लॉटमधले जॉब दोन रांगांत मांडले होते. मला बोलावून म्हणाले, "हे बघ, ही सकाळची रांग आणि ही जेवणानंतरची. सकाळचे सगळे बरोबर आहेत. दुपारच्या प्रत्येकात समोरासमोरच्या फेसमध्ये पायरी आहे, आणि सगळ्यांत एकाच दिशेला." डायलचा काटा माझ्यादेखत १८ मायक्रॉन हलला. टूल तेच, प्रोग्राम तोच, ऑपरेटर तोच. मशीन तापल्यामुळे सेंटर सरकलं होतं. जॉब स्वतः तापलेला असण्याची शंका मामांनी आधीच काढून टाकली होती, सगळे जॉब रात्रभर प्लेटवर ठेवून. ते गरजेचंच होतं, कारण ३०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा जॉब ५ अंशांनी तापला तरी साधारण ३५ मायक्रॉन वाढतो.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. सकाळी आल्यावर आधी वॉर्म-अप प्रोग्राम, त्यात स्पिंडलबरोबर ए आणि सीसुद्धा फिरले पाहिजेत. मग टेबलावर मॅग्नेटिक बेसचा कॅलिब्रेशन स्फियर ठेवायचा, स्पिंडलमध्ये टच प्रोब घ्यायचा आणि सायकल ४५१ (कंट्रोलरमधला तयार मोजणी प्रोग्राम) लावायची. टेबल वेगवेगळ्या कोनांत वळत राहतं, प्रोब प्रत्येक वेळी त्या गोळ्याला चार-पाच ठिकाणी टेकून त्याचं सेंटर काढतो, आणि शेवटी कंट्रोलर सांगतो की गोळा जिथे असायला हवा होता तिथून किती दूर सापडला. हवं असेल तर तो कायनेमॅटिक्स स्वतः दुरुस्तही करतो. त्याआधी सायकल ४५० वापरून जुने आकडे सेव्ह करून ठेवायचे, ते विसरू नका. स्फियर आणि बेसखालची जागा दोन्ही स्वच्छ पुसून घ्यायचे. केसाएवढी चिप बेसखाली राहिली की गोळा मधेच डगमगतो आणि आकडे भलतेच येतात. आकडे आम्ही वहीत लिहितो, तापमानासकट. उन्हाळ्यात जेवणानंतर पुन्हा एकदा, आणि टाइट टॉलरन्सचा लॉट असेल तर त्याच्या आधीही.

हे कायनेमॅटिक्सचं ऑप्शन कंट्रोलरबरोबर आपोआप येईलच असं धरून चालू नका. टीएनसी ६४० मध्ये ते ऑप्शन ४८ आहे. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या, प्रोब आणि स्फियरसकट. पैसे वाचवायला कुणी हे गाळत असेल तर त्यानं पाच ॲक्सिस घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोस्ट प्रोसेसरनं आम्हाला सगळ्यात जास्त त्रास दिला. कॅम सॉफ्टवेअरमध्ये (जिथे टूलचा मार्ग आखतात) पाथ सुंदर दिसतो, पण मशीनला कळेल असा प्रोग्राम पोस्ट काढतो, आणि आम्हाला मिळालेला पोस्ट अर्धाकच्चा होता. एका कोनावरून दुसऱ्यावर जाताना तो टूल पूर्ण वर न घेताच टेबल फिरवायचा. आम्ही प्रत्येक प्रोग्राममध्ये हातानं एम १४० एमबी मॅक्स घालत होतो, म्हणजे टूल आपल्या अक्षाच्या दिशेनं शेवटपर्यंत मागे येतं आणि मगच टेबल हलतं. पुरवठादाराकडे फोनवर फोन, मेलवर मेल, आणि उत्तर एकच, "आमच्याकडे तर बरोबर चालतं." शेवटी त्यांचा इंजिनिअर आला, आमचाच जॉब लावून बसला आणि तेव्हा कुठे पोस्ट जागेवर आला. म्हणून सांगतो, शेवटचा हप्ता पोस्ट तुमच्या जॉबवर, तुमच्या मशीनवर चालेपर्यंत देऊ नका.

पाचही ॲक्सिस एकदम चालवताना अजून एक गोष्ट कळली. टूल टेबलाला जवळजवळ काटकोनात असतं, म्हणजे ए शून्याच्या आसपास असतो, तेव्हा टूलची दिशा किंचित बदलायलाही सी ॲक्सिसला गर्रकन अर्धा वेढा घ्यावा लागतो. टूलचं टोक तेवढ्यापुरतं जागच्या जागी घासत राहतं आणि जॉबवर चट्टा उठतो. फीड कमी करून ते जात नाही. कॅममध्ये टूलला चार-पाच अंशांचा कायमचा कल देऊन ए शून्यावर येऊच द्यायचा नाही, हा उपाय आम्हाला लागू पडला.

कल देण्याचा फायदा फिनिशलाही होतो. १० मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचा कटर) सरळ उभा ठेवून ०.२ मिमी खोलीनं कापला तर प्रत्यक्ष कापणारा व्यास जेमतेम २.८ मिमी असतो आणि ऐन टोकाला कटिंग स्पीड शून्य. तिथे मटेरियल कापलं जात नाही, चेंगरलं जातं. १५ अंशांचा कल दिला की तोच व्यास ५ मिमीच्या वर जातो आणि शून्य स्पीडचं टोक जॉबला लागतच नाही. डायच्या (साच्याच्या) पृष्ठभागावर बोट फिरवलं तरी फरक कळतो, पॉलिशवाल्या पोरांचा वेळ वाचतो. सरळ, उभ्या भिंतींना आता बॅरल कटर (पिंपासारख्या फुगीर बाजूचा, मोठ्या त्रिज्येचा) वापरायला लागलोय. दोन पासांमध्ये एक मायक्रॉन उंचीची रेघ चालत असेल तर ५ मिमी त्रिज्येच्या बॉलनोजला ०.२ मिमीचा स्टेपओव्हर (दोन पासांमधलं अंतर) द्यावा लागतो, २५० मिमी त्रिज्येच्या बॅरलला तो १.४ मिमी देता येतो. सातपट. कटर महाग आहेत आणि पाथ बनवायला डोकं लागतं, पण मोठ्या भिंतींवर सायकल टाइम बघून समाधान वाटतं.

ठोकण्याची भीती मात्र सोबत राहते. तीन ॲक्सिसवर नवा प्रोग्राम झेडला पन्नास मिमी वर उचलून कोरडा चालवायचा, ही आमची सगळ्यांची सवय. इथे त्याचा भरवसा नाही. टेबल वळतं तेव्हा धोका टूलच्या टोकाला कमी आणि स्पिंडलच्या नाकाला जास्त असतो. ते नाक ट्रनियनच्या बाजूला किंवा व्हाइसच्या जबड्याला लागू शकतं, आणि वर उचलून चालवल्यानं नेमकं तेच दिसत नाही. कंट्रोलरमधलं कोलिजन मॉनिटरिंग उत्तम आहे, पण त्याला जे काढून दिलंय तेवढंच त्याला माहीत असतं. व्हाइस, फिक्स्चर, क्लॅम्पचा बोल्टसुद्धा मॉडेलमध्ये हवा. पहिल्या जॉबला आजही सिम्युलेशन बघून, रॅपिड (न कापता धावण्याचा वेग) पाच टक्क्यांवर आणून, हात फीडच्या पॉटवर (वेग कमी-जास्त करायच्या बटणावर) ठेवूनच चालवतो.

विजेबद्दल थोडक्यात. सर्व्हो स्टॅबिलायझर आणि स्वतंत्र अर्थिंग मशीन यायच्या आधी करून घ्या. जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली तेव्हा टूल एका तिरप्या पॉकेटमध्ये अडकलं होतं. कंट्रोलरच्या रिट्रॅक्शन मोडमुळे ते आपल्याच अक्षात सरळ बाहेर काढता आलं, नाहीतर जॉब आणि टूल दोन्ही गेले असते. कूलंटचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर ८ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. ट्रनियनच्या खाली आणि कव्हरच्या कडेला ॲल्युमिनियमच्या चिप्स साठतात, त्या शिफ्ट संपताना काढाव्याच लागतात. खंडेनवमीला पूजेआधी सगळी कव्हर उघडून आतून साफ केलं, तर बादलीभर चिप्स निघाल्या. एरवी ज्या दिवशी मशीन सगळ्यात स्वच्छ असतं त्याच दिवशी पूर्ण जिओमेट्री तपासून घ्यावी, म्हणून दसरा झाल्यावर तेही उरकलं.

मालकमंडळींसाठी कळकळीनं एक लिहितो. मशीन एवढं हुशार आहे तर त्यावर नवखा ऑपरेटर चालेल, हा हिशोब अनेक ठिकाणी ऐकला. आयटीआयमधून दोन वर्षांचा मशिनिस्ट ट्रेड करून आलेली पोरं बटणं आठवड्यात शिकतात, खरंय. पण दुपारच्या रांगेतली पायरी ओळखायला, सी ॲक्सिसचा वेढा आणि बेअरिंगचा आवाज यातला फरक कळायला, दार बंद असताना कूलंटच्या धारेआडून नुसत्या आवाजावर टूल बोथट झालंय हे सांगायला माणूस घडावा लागतो. त्याला शिकायला वेळ द्या, कॅलिब्रेशनच्या अर्ध्या तासाला वाया गेलेला वेळ म्हणू नका, आणि पगार व्हीएमसी ऑपरेटरचा देऊ नका. किमान दोघांना सेंटर तपासता आलं पाहिजे. एक रजेवर गेला म्हणून आकडे न बघता लॉट चालवणं परवडत नाही.

घ्यावं कुणी? ज्यांच्याकडे चार-पाच सेटिंगचे जॉब नियमित येतात, लॉट लहान आहेत आणि पोझिशनचे टॉलरन्स टाइट आहेत त्यांनी जरूर घ्यावं. एकाच बाजूचं काम हजारोंनी करणाऱ्यांना त्याच पैशात दोन-तीन चांगल्या व्हीएमसी जास्त कमावून देतील.

ट्रायलला जाल तेव्हा त्यांचा डेमो पीस बघण्यात वेळ घालवू नका. आपलं मटेरियल न्या. सी शून्यावर एक बाजू फेस करायला सांगा, टेबल १८० अंश वळवून समोरची बाजू, मग ए ९० अंशांवर घेऊन तेच पुन्हा. मशीन तीन-चार तास चालू द्या आणि दुसऱ्या तुकड्यावर तेच सगळं परत कापून घ्या. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंमधलं अंतर आपल्या मायक्रोमीटरनं मोजा, दोन्ही तुकडे घरी आणून थंड झाल्यावर पुन्हा मोजा, आणि दरम्यान त्यांनी कायनेमॅटिक्स मधेच दुरुस्त केलं का हे तिथल्या इंजिनिअरला सरळ विचारा.